सर्जरीत असताना प्रेग्नन्सी: ओटी, नाइट्स आणि युनिटला सांगायचं कधी?

रिट्रॅक्टरवाली

नमस्कार मंडळी. नाव टाकत नाही, समजून घ्या. जनरल सर्जरीची रेसिडेंट आहे, शेवटचं वर्ष. तिसरा महिना चालू आहे आणि नवरा सोडून अजून कुणालाच सांगितलेलं नाही. "आत्ताच कशाला" हे प्लीज कुणी विचारू नका, ठरवून झालेलं आहे. रेसिडेन्सी संपू दे, मग फेलोशिप संपू दे, मग जरा बस्तान बसू दे असं करत करत आयव्हीएफच्या रांगेत पोचलेल्या सीनियर्स बघितल्यात, मला त्या रस्त्याने जायचं नव्हतं.

प्रश्न असा की ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नेमका धोका किती असतो? म्हणजे खरा किती आणि लोकांनी घातलेली भीती किती. मागच्या आठवड्यात एका लांबलेल्या पेल्विसच्या (ओटीपोटाच्या) केसमध्ये डीप रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं अवजार) धरून उभी होते, डोळ्यासमोर अंधारी आली, स्क्रब सिस्टरच्या लक्षात आलं आणि तिने काही न बोलता पायानेच स्टूल माझ्या मागे सरकवलं. तिला कळलंय बहुतेक. बाकी कुणी मान वर करून बघितलं नाही, त्यांचीही चूक नाही, ब्लीडिंग चालू होतं.

दुसरं म्हणजे युनिटला सांगायचं कधी. आमच्याकडे गेल्या वर्षी एकीने सांगितलं तर सरांची पहिली प्रतिक्रिया "चला, अजून एक विकेट गेली". हसत हसतच म्हणाले, सगळे हसले, तीपण हसली. त्यानंतर तिला मोठ्या केसेस मिळणं बंद झालं, म्हणजे काळजी म्हणून नाही, नाइट्स होत्या तशाच राहिल्या, फक्त केसेस गेल्या. अजून एका सीनियरचं मिसकॅरेज झालं होतं, ती दुसऱ्या दिवशी राऊंडला हजर. हे मला फार नंतर कळलं.

तर ज्यांनी हे केलंय, किंवा ज्यांच्या हाताखाली कुणी केलंय, त्यांनी सांगा काय मागायचं, कुणाकडे, आणि कधी. धीर वगैरे नको आहे, माहिती हवी आहे.

कळा_मोजणारी

आधी अभिनंदन! मी प्रसूतीची डॉक्टर, त्यामुळे तुझ्यासारख्या बऱ्याच जणी टेबलच्या पलीकडे बसलेल्या बघते.

पहिल्यांदा मन हलकं होईल असं सांगते. पहिल्या तीन महिन्यांत जी मिसकॅरेज होतात त्यातली साधारण निम्मी गुणसूत्रांमधल्या दोषामुळे होतात. ती होणार असतात तर होतात, तू त्या दिवशी उभी होतीस की झोपली होतीस याने फरक पडत नाही. हे आत्ताच सांगून ठेवते कारण काही वाईट झालंच तर सर्जन बायका स्वतःला फार बोल लावून घेतात, त्या एका केसला मी नाही म्हणायला हवं होतं वगैरे.

आता दुसरी बाजू. नाइट्सचा परिणाम नाही असं म्हणता येत नाही. डेन्मार्कमध्ये २०१९ साली बावीस हजारांहून जास्त गरोदर नोकरदार बायकांचा अभ्यास आला, त्यातल्या बहुतेक हॉस्पिटलमध्येच काम करणाऱ्या, आणि हजेरीची खरी नोंद वापरलेली, आठवून सांगितलेलं नाही. ज्यांनी एका आठवड्यात दोन किंवा जास्त नाइट्स केल्या त्यांना पुढच्या आठवड्यात मिसकॅरेजचा धोका ३२ टक्क्यांनी जास्त दिसला, हे आठव्या आठवड्यानंतरचं. आता ३२ टक्के वाचून घाबरू नकोस, त्या टप्प्यावर मुळात धोका कमी असतो आणि त्या कमीवर ३२ टक्के वाढ आहे. पण पूर्ण युनिटच्या रोस्टरमध्ये हे नक्की बसवता येण्यासारखं आहे ना, आठवड्याला एकच नाइट. मागण्यासारखी ही पहिली गोष्ट.

सर्जन बायकांवरचा सगळ्यात जास्त बोलला जाणारा सर्व्हे जामा सर्जरी या जर्नलमध्ये २०२१ मध्ये आला, अमेरिकेतला. ६९२ महिला सर्जन होत्या त्यात. ४२ टक्के जणींचं कधी ना कधी मिसकॅरेज झालेलं किंवा बाळ पोटात गेलेलं, आणि त्यातल्या तब्बल तीन चतुर्थांश जणींनी त्यानंतर एक दिवसही सुट्टी घेतली नव्हती. म्हणजे तुझी ती सीनियर काही वेगळी नाही. मोठी गुंतागुंत ४८.३ टक्के जणींना, तर सर्जन नसलेल्या तुलनेच्या गटात २७.२ टक्के. आणि कामाचा आकडा हा बघ, शेवटच्या तीन महिन्यांत आठवड्याला १२ तास किंवा जास्त ऑपरेट करणाऱ्यांमध्ये गुंतागुंतीची शक्यता (ऑड्स) साधारण दीडपट. निम्म्याहून जास्त जणी गरोदरपणात आठवड्याला ६० तासांच्या वर काम करत होत्या आणि वेळापत्रक कमी करून घेतलेल्या फक्त १६ टक्के.

तास न् तास एका जागी उभं राहिलं की रक्त पायात साठतं, हृदयाकडे कमी परत येतं, बीपी पडतं आणि अंधारी येते. गरोदरपणात रक्तवाहिन्या आधीच सैल असतात म्हणून हे लवकर होतं. तुझं जे झालं ते हेच. कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज सकाळी उठल्या उठल्या घाल, पाय सुजल्यावर नाही. टेबलखाली पाय हलवत राहायचे, टाचा वर खाली. स्क्रब व्हायच्या आधी खाऊन, पाणी पिऊन, लघवीला जाऊन यायचं. मध्ये जावं लागेल म्हणून पाणीच न पिणं ही सर्जन लोकांची जुनी खोड आहे, गरोदरपणात त्याने युरिन इन्फेक्शनला आमंत्रण मिळतं आणि ते वर किडनीपर्यंत गेलं तर वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात.

अजून एक. तुझं वय ३५ च्या पुढे असेल किंवा बीपीची हिस्टरी असेल तर तुझ्या डॉक्टरला लो डोस ॲस्पिरिनबद्दल विचार, ती १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करतात, म्हणजे वेळ आत्ताच आहे. आणि स्वतःची डॉक्टर स्वतः होऊ नकोस. वॉर्डात सिस्टरकडून बीपी बघून घेऊन "ठीक आहे, कामाचं टेन्शन" म्हणत फिरणाऱ्या पेशंट मला सगळ्यात जास्त डॉक्टरांमध्येच भेटतात. रक्त जाणं, अंगावर पाणी जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यापुढे चमकणं, बाळ कमी हलणं, यातलं काहीही झालं तर ग्लोव्ज काढायचे आणि बाहेर. केस कुणीतरी बंद करेल.

जुनी_सर्जन

मी वाचून काही दिवस गप्प बसायचं ठरवलं होतं पण राहवत नाही. अगं, आम्ही दोन मुलं काढली याच धंद्यात. पहिल्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा हर्नियाची मेश (जाळी) टाकत होते, टाके घालून बाहेर आले आणि ॲडमिट झाले. कुणी रोस्टर बदललं नाही, आम्ही मागितलंही नाही, कारण मागितलं की पुढच्या मुलीला सीटच देणार नाहीत ही भीती होती. आजच्या मुलींनी मागावं, जरूर मागावं, पण एक लक्षात ठेवा, सर्जरी हातात बसायला आकडा लागतो, केसेसचा आकडा. तो गरोदरपणात कमी झाला तर कधीतरी भरून काढावाच लागतो, त्याला शॉर्टकट नाही. तेव्हा नाइट्स सोड, वॉर्डचं ओझं सोड, पण ओटी सोडू नकोस. आणि ते विकेटवालं ऐकून हसू नकोस. मी हसले नव्हते, तरी चाललं.

टाके_मोजतो

मॅडम, आदर ठेवून बोलतो. तुम्ही आज इथे लिहिताय कारण तुमचं निभावलं. ज्यांचं नाही निभावलं त्या सर्जरी सोडून गेल्या, त्या या धाग्यावर उत्तर द्यायला येणार नाहीत. २०१८ चा एक सर्व्हे आहे, ट्रेनिंगमध्ये असताना मूल झालेल्या सर्जन बायकांचा, ३९ टक्के जणींनी रेसिडेन्सी सोडायचा गंभीरपणे विचार केला होता आणि जवळजवळ ३० टक्के म्हणाल्या की विद्यार्थिनींना सर्जरी घेऊ नका असंच सांगू. डिलिव्हरीपर्यंत रोस्टरमध्ये काहीही बदल न झालेल्या ८५ टक्क्यांच्या वर. माझी बायको त्यातली एक असती, अमेरिकेत असती तर. तिने दुसऱ्या वर्षाला सर्जरी सोडून रेडिओलॉजी घेतली. हात तिचा माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी बायको म्हणून नाही म्हणत, तिच्या युनिटचे लोक म्हणायचे.

बाकी ओटी सोडू नकोस हे पटलं. पण मॅडम, १२ तासांचं जे वर आलंय ते ओटीबद्दलच आहे, वॉर्डबद्दल नाही.

जुनी_सर्जन

शेवटच्या तीन महिन्यांचं आहे ते. मी आत्ताचं बोलतेय. मधले तीन महिने बहुतेकींना बरे जातात, तेव्हा मोठ्या केसेस घ्याव्यात, सातव्यानंतर लहान. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. बायकोचं वाईट वाटलं.

पी_व्हॅल्यू

जरा खडूसपणा करतो. तो २०२१ चा सर्व्हे चांगला आहे पण त्याच्यावर इमारत उभी करताना दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, ज्यांना त्रास झाला त्या असा फॉर्म भरायला जास्त उत्सुक असतात, त्यामुळे ४२ टक्के हा आकडा फुगलेला असू शकतो. दोन, तुलनेचा गट म्हणजे पुरुष सर्जनच्या बायका, आणि त्यांच्याबद्दलची उत्तरं त्या पुरुष सर्जननी दिलेली, एकूण १५८ जण. आता नवऱ्याला बायकोच्या दुसऱ्या प्रेग्नन्सीतलं बीपी किती आठवतं ते तुम्हीच ठरवा. शिवाय वय. मिसकॅरेजचा धोका पंचविशी ते तिशीत साधारण १० टक्के असतो आणि पंचेचाळिशीनंतर निम्म्याच्या वर जातो, नॉर्वेचा मोठा डेटा आहे यावर. सर्जन बायका मुलं उशिरा करतात, त्याच सर्व्हेत ६५ टक्के जणींनी ट्रेनिंगपायी मूल पुढे ढकललं होतं, तर पुरुषांमध्ये ४३.७ टक्के. आयव्हीएफ वगैरेची मदत जवळपास २५ टक्के जणींना लागली.

कळा_मोजणारी

पी_व्हॅल्यू, वयाचा हिशोब त्यांनी ॲनालिसिसमध्ये धरलाय, तेवढं सोडून बाकी मान्य. पण मला सांगा, वय वाढलं म्हणून धोका वाढला असं जरी धरलं तरी वय का वाढलं? ट्रेनिंगमुळेच ना. म्हणजे फिरून तिथेच. आणि डेन्मार्कच्या अभ्यासात आठवणीचा प्रश्नच नाही, तिथे नोंदी आहेत.

पी_व्हॅल्यू

हो ते बरोबर. माझं म्हणणं एवढंच की धागा वाचून कुणी मुलगी "सर्जरी म्हणजे अर्ध्यांचं बाळ जातं" असा निष्कर्ष काढून बसू नये. काम कमी केल्याने किती फायदा होतो याचा चांगला पुरावा फार थोडा आहे, पण कमी करण्यात तोटाही नाही, तेव्हा करा.

भुलवणारा

भूलतज्ज्ञ बोलतोय. कुणी गॅसचं बोललं नाही म्हणून. नायट्रस ऑक्साइड बी१२ ला निकामी करतो आणि त्याने डीएनए बनवणारी एक साखळी अडते, म्हणून गरोदरपणात त्याचा संपर्क कमीत कमी ठेवायचा. १९९२ साली डेंटल असिस्टंट बायकांवर अभ्यास झाला होता, जिथे गॅस खेचून बाहेर टाकायची सोय नव्हती आणि आठवड्याला पाच तासांपेक्षा जास्त नायट्रस होता तिथे दिवस राहायलाच उशीर लागत होता. पण तिथे सोय नव्हती, हे महत्त्वाचं. अमेरिकेत नायट्रसची शिफारस केलेली मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आहे आणि आयसोफ्लुरेनसारख्या गॅसेसची २ पीपीएम, स्कॅव्हेंजिंग, म्हणजे तीच गॅस खेचून बाहेर टाकायची सोय, चालू असेल आणि ओटीत हवा नीट बदलत असेल तर यापेक्षा खाली राहता येतं.

गॅस सगळ्यात जास्त बाहेर येतो तो मास्कने भूल देताना, खासकरून लहान मुलांमध्ये, कारण पोरगं मान हलवतं आणि मास्क बसत नाही. त्यामुळे पेडियाट्रिकची लिस्ट असेल तर श्वासाची ट्यूब पडेपर्यंत आत येऊ नकोस, नंतर ये. स्कॅव्हेंजिंगचा पाइप खरंच जोडलेला आहे का ते भूलवाल्याला विचार, राग येणार नाही, आणि आला तर त्याचाच पाइप निघालेला असेल. मी तर आमच्या ओटीत कुणी गरोदर असेल तर जमेल तिथे शिरेतून भूल देतो, टीआयव्हीए, गॅसच नाही. सांगितलं तर करता येतं. सांगितलंच नाही तर आम्हाला कसं कळणार?

हाडं_जोडते

ऑर्थोवाली. रेडिएशनचं मी सांगते, दोन्ही प्रेग्नन्सीत सी-आर्मखाली (ओटीतलं एक्स-रे मशीन) काम केलंय.

आंतरराष्ट्रीय शिफारस अशी आहे की प्रेग्नन्सी जाहीर केल्यावर बाळाला उरलेल्या काळात साधारण १ मिलिसिव्हर्टपेक्षा (रेडिएशन डोसचं माप) जास्त मिळू नये. अमेरिकेचा नियम पूर्ण नऊ महिन्यांना ५ मिलिसिव्हर्ट. तुलनेसाठी, नुसतं पृथ्वीवर राहिल्याने जगात सरासरी वर्षाला २.४ मिळतात. आणि बाळावर परिणाम दिसल्याची पातळी ५० मिलिग्रेच्या (एक्स-रेसाठी मिलिसिव्हर्टएवढंच धरा) वर सुरू होते, म्हणजे आपण त्याच्या आसपासही नसतो, नीट वागलो तर.

नीट वागणं म्हणजे काय. शिशाचा ॲप्रन दोन भागांचा, स्कर्ट आणि व्हेस्ट, पाठीकडूनही झाकणारा. नुसता पुढून झाकणारा घालून तुम्ही ट्रॉलीकडे वळलात की झालं. आमच्याकडे ॲप्रन खुंटीवर टांगायच्या ऐवजी घडी घालून टाकायची सवय होती, घडीवर आतलं शिसं चिरतं आणि वरून काहीच दिसत नाही. वर्षातून एकदा ॲप्रन फ्लुरोखाली (चालू एक्स-रेखाली) धरून तपासायचा असतो, तो तपासला की नाही ते विचार. एक्स-रे जिथून निघतात त्या ट्यूबच्या बाजूला उभं राहू नये, स्कॅटर (पेशंटवरून विखुरलेले किरण) तिथे जास्त असतं, समोरच्या, चित्र टिपणाऱ्या इमेज इंटेन्सिफायरच्या बाजूला उभं राहायचं. शूट करताना एक पाऊल मागे, अंतर दुप्पट झालं की डोस चौथाई होतो. आणि दुसरा टीएलडी बॅज (अंगाला मिळालेलं रेडिएशन मोजणारा) मागून घे, पोटापाशी ॲप्रनच्या आत लावायचा, महिन्याच्या महिन्याला वाच. माझा महिनोन्महिने शून्याच्या आसपास यायचा आणि खरं सांगते, त्या कागदाने जेवढी झोप दिली तेवढी कुणाच्या समजावण्याने दिली नाही.

हे सगळं मिळायला सांगावं लागतं मात्र. बॅज कुणी आपण होऊन देत नाही. ॲप्रनचं वजन हा वेगळा विषय, सातव्या महिन्यात पाच सहा किलो अंगावर घेऊन उभं राहिले की कंबर बोलायची. दोन भागांच्यात निदान वजन कमरेवर वाटलं जातं.

हाडाचं सिमेंट कालवताना वास येतो तो मोनोमर (सिमेंटमधलं उडून जाणारं रसायन), व्हॅक्यूम मिक्सिंग असेल तर फार कमी असतो, तरी मी तेवढा वेळ दाराबाहेर जायचे. तुला जनरल सर्जरीत ते लागणार नाही. तुझ्याकडे हायपेक होत असेल, पोटात गरम केमो सोडतात ते, तर त्याला सरळ नाही म्हण. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

आणि सुई. डबल ग्लोव्ज. सुई लागलीच तर गरोदर आहे म्हणून पीईपी (एचआयव्ही टाळायची औषधं) टाळायची नसते, उलट लगेच घ्यायची.

नाइट_कव्हर

मी जे लिहिणार आहे त्याबद्दल शिव्या पडतील. पण कुणीतरी लिहायला हवं.

आमच्या युनिटमध्ये को-रेसिडेंट गरोदर राहिली, तिच्या नाइट्स काढल्या, चांगलंच केलं. त्या नाइट्स आमच्या तिघांत वाटल्या. कुणी विचारलं नाही, नोटीस लावली. ती परत आल्यावर तिने आमच्या नाइट्स घ्याव्यात असंही कुणी ठरवलं नाही आणि ती घेऊ शकेल अशा अवस्थेतही नव्हती, बाळ रात्रभर रडतं. माझी आई त्या काळात आजारी होती, मला सुट्टी मिळाली नाही कारण "आधीच एक जण कमी आहे". मी तिच्याशी महिनाभर नीट बोललो नाही. ती बिचारी प्रत्येक वेळी सॉरी म्हणायची आणि मला अजूनच राग यायचा.

राग तिच्यावर नव्हता हे मला फार उशिरा कळलं वगैरे म्हणणार नाही, तेव्हाही माहीत होतं. पण समोर तीच दिसायची, ज्याने माणूस वाढवून दिला नाही तो ऑफिसात बसलेला असायचा. तर माझं एवढंच, रिट्रॅक्टरवाली, तू मागशील तेव्हा "माझ्या नाइट्स काढा" एवढंच मागू नकोस, "माझ्या जागी कोण" हेही लेखी मागून घे. नाहीतर तुझ्या मागे जे बोललं जाईल ते सरांच्या विकेटपेक्षा वाईट असेल.

रिट्रॅक्टरवाली

नाइट_कव्हर, शिव्या अजिबात नाही. खरं सांगायचं तर मला सरांपेक्षा माझ्या बॅचमेट्सचीच जास्त भीती वाटतेय. गेल्या वर्षी त्या मुलीच्या नाइट्स माझ्यावर आल्या असत्या तर मी काय बोलले असते, मलाही माहीत नाही.

सगळ्यांनाच थँक्यू, इतकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दुसरा बॅज, स्टॉकिंग्ज, ॲस्पिरिन लिहून घेतलंय. हायपेक आमच्याकडे होतं आणि माझं नाव पुढच्या महिन्यात आहे त्यात!! म्हणजे सांगावं लागणारच, लवकर.

युनिट_चालवतो

मी युनिट हेड आहे, आणि नाइट_कव्हरचं वाचून थोडं अंगावर आलं कारण ऑफिसात बसलेला तो मीच.

आमच्याकडे काय करतो ते सांगतो, आदर्श वगैरे नाही, जमेल तसं. आधी आम्ही कुणी येऊन सांगितलं की मग बघायचो. त्यात काय व्हायचं, जी भांडखोर तिला सवलत मिळायची आणि जी गप्प ती शेवटच्या दिवसापर्यंत नाइट करायची. आता उलटं केलंय. जाहीर केलं की रोस्टर आपोआप बदलतं, २८ आठवड्यांनंतर नाइट नाही, लांबच्या केसेसला दोन असिस्टंट ज्यातला एक मध्ये सुटू शकतो, आणि जिला बदल नको असेल तिने येऊन नको म्हणायचं. एक आली होती नको म्हणायला, तिला एक मोठी लिव्हरची केस हवी होती, दिली, स्टूल ठेवून केली तिने. मुद्दा असा की सवलत मागणारी म्हणून कुणाच्या नावापुढे शिक्का बसत नाही.

केसेस काढायच्या नाहीत. जुनी_सर्जन मॅडम म्हणाल्या ते शंभर टक्के खरं, काळजीच्या नावाखाली ओटी काढून घेणं ही शिक्षाच आहे. ज्या नाइट्स कमी होतात त्या बदल्यात दिवसाच्या इलेक्टिव्ह (आधी ठरवलेल्या) ऑपरेशनच्या लिस्ट द्यायच्या, लॉगबुक (केसेसची नोंदवही) तिथे भरतं, रात्री दोनला अपेंडिक्स काढून नाही भरत.

कव्हरचं सांगतो. जास्तीच्या नाइटचे पैसे द्यायचे, किंवा मोजून सुट्टी द्यायची, आणि रोस्टरवर ते लिहायचं. बाहेरून माणूस घ्यायला प्रशासन नाहीच म्हणतं पहिल्यांदा, मी दरवेळी लेखी देतो की या महिन्यांत एक हात कमी आहे आणि इमर्जन्सी तेवढ्याच आहेत, काही झालं तर हा कागद आहे. दोनदा पत्र गेलं की माणूस मिळतो. आणि एकाच वेळी वडील आजारी असलेला, पाय मोडलेला, लग्न असलेला अशा सगळ्यांसाठी तोच नियम, म्हणजे मग प्रेग्नन्सी ही वेगळी मेहेरबानी राहत नाही.

नियमांचं बोलायचं तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या करारात प्रसूती रजा किमान १४ आठवडे धरलेली आहे, आणि गरोदर बाईला तिच्या किंवा बाळाच्या तब्येतीला घातक ठरलेलं काम करायला लावू नये हेही त्यातच आहे. युरोपात १९९२ च्या निर्देशानुसार गरोदर बाईवर नाइटची सक्ती करता येत नाही, डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलं की झालं. अमेरिकेत स्पेशालिटी बोर्डांनी २०२१ पासून ट्रेनिंगमध्ये एकदा किमान सहा आठवडे रजा, ट्रेनिंग न लांबवता, द्यायला लावली, आणि २०२२ पासून पहिल्या दिवसापासून सहा आठवडे पगारी. सहा आठवडे म्हणजे काही फार नाही, सिझरची जखम भरते न भरते. तुमच्या संस्थेचा आणि परीक्षा बोर्डाचा नियम वेगवेगळा असू शकतो हे मात्र विसरू नका. रजा मंजूर होते आणि नंतर कळतं की हजेरी कमी पडली म्हणून परीक्षेला बसता येत नाही. हे दोन्हीकडून आत्ताच लेखी घे.

जुनी_सर्जन

युनिट_चालवतो, तुमच्यासारखा हेड आम्हाला मिळाला असता तर मी एवढी कडू झाले नसते, असं माझी मुलगी म्हणते.

दुधाची_बॅग

परत येण्याचंही आत्ताच बोलून ठेव ग. लोक नऊ महिन्यांचा विचार करतात आणि नंतरचं राहून जातं. मी परत आले तेव्हा पंप करायला जागा म्हणजे चेंजिंग रूमचं टॉयलेट, दाराला कडी नाही, एका हाताने दार धरायचं. तीन चार तासांनी दूध काढलं नाही की छाती दगड होते, आणि लांब केसमध्ये ते झालं की गाऊन भिजतो, मग गाठी, मग ताप. एकदा मॅस्टायटिसमध्ये (स्तनाला सूज, ताप) थंडी वाजत असताना मी राऊंड घेतलाय. कुणी वाईट वागलं असं नाही, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शेवटी एका सिस्टरने स्टोअरची एक खोली मोकळी करून दिली, खुर्ची आणि प्लग पॉइंट, बास, तेवढंच लागतं. आणि केस लिस्ट लावताना दोन केसेसच्या मध्ये अर्धा तास.

मनाचंही बघ. त्या सर्व्हेत डिलिव्हरीनंतरचं डिप्रेशन सर्जन बायकांमध्ये ११ टक्क्यांच्या आसपास होतं, दुसऱ्या गटात सहाच्या आत. मला वाटायचं मी दमलेय फक्त. नवऱ्याला आधीच सांगून ठेव काय काय दिसलं तर डॉक्टरकडे ओढत न्यायचं.

रिट्रॅक्टरवाली

सांगितलं आज. आधी असोसिएट मॅडमना, त्यांना घेऊन मग सरांकडे. विकेट वगैरे काही म्हणाले नाहीत, "तारीख काय" विचारलं आणि कॅलेंडर उघडलं, मग म्हणाले "परीक्षेच्या आसपास येतंय बघ". हायपेकमधून नाव काढलं तिथल्या तिथे. नाइट्सचं "बघू" म्हणालेत. बॅचमेट्सना मी स्वतःच सांगितलं चहाच्या वेळी, एकाने अभिनंदन केलं, एक गप्प बसला, त्याच्याशी उद्या वेगळं बोलेन.

आता हे "बघू" लेखी कसं करून घ्यायचं? ईमेल टाकला तर कोर्टात गेल्यासारखं वाटेल का?

युनिट_चालवतो

नाही वाटत. "सर, आज बोलल्याप्रमाणे" अशी सुरुवात कर, तारीख टाक, काय काय ठरलं ते तीन ओळीत, नाइट्सचं "आठवड्याला एक आणि २८ आठवड्यांनंतर नाही, असं रोस्टर लावता येईल का, माझ्या जागी कव्हर कुणाचं ते ठरवायला मदत करते" असं. मॅडमना सीसी. परीक्षेच्या हजेरीचा प्रश्न वेगळ्या मेलमध्ये, तो ॲकॅडमिक सेक्शनला. त्यांचं उत्तर यायला वेळ लागतो म्हणून तो आजच टाक, रात्रीच.

हाडं_जोडते

आणि बॅजचा फॉर्म रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडे, युनिटमध्ये मिळत नाही तो. दोन भागांचा ॲप्रन तुझ्या मापाचा आत्ताच बघून ठेव, पुढे घेर वाढणार आहे तेव्हा एक साइज मोठा, आणि कॉलरला आतून नाव लिही, नाहीतर कॅथ लॅबवाले उचलून नेतात.